गोधडीचं वेड लागलंय: पहिल्या चौकोनापासून पुढे

मोगरी | ११ एप्रिल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिला धागा काढतेय.

मार्चमध्ये कपाट आवरायला काढलं. लेकीचे लहानपणचे फ्रॉक, माझे विरलेले सुती कुर्ते, आईच्या दोन साड्या असा ढीग निघाला. बोहारणीला द्यायला हात धजेना. तेवढ्यात चौकोन जोडून गोधडी करायचा एक व्हिडिओ बघितला आणि डोक्यात किडा शिरला. शाळेत शिवणाच्या तासाला धावदोरा आणि काजं, एवढीच माझी शिदोरी. घरात सासूबाईंचं पायाचं उषाचं मशीन आहे, ते कित्येक वर्षं टीव्हीखाली टेबल म्हणून उभं होतं. तेल घातलं, चामड्याचा पट्टा बदलला, आणि ते सुरू झालं! त्या खटखट आवाजाने सासूबाई आतल्या खोलीतून उठून आल्या आणि बराच वेळ शेजारी बसून राहिल्या.

आधी नऊ चौकोनांचा उशीचा अभ्रा केला. तो जमला, मग धीर आला. आता पलंगाची गोधडी घेतलीय. हिशेब असा केला: ६० इंच रुंद, ९० इंच लांब, सहा इंचांचे चौकोन. म्हणजे एका ओळीत १०, अशा १५ ओळी, एकूण १५० चौकोन. पुठ्ठ्याचा साचा करून दीडशेच्या दीडशे कापले. चार ओळी जोडून झाल्यावर काल माप घेतलं तर रुंदी साडेपंचावन्न भरतेय! शिवाय चार चौकोन जिथे भेटतात तिथे रेषा जुळतच नाहीत, एक कोपरा वर, एक खाली. सगळं उसवू का? आणि खालचे थर कशाचे घालायचे? रात्री झोपताना डोळ्यांसमोर चौकोनच येतात, त्यामुळे सोडून द्यायचा प्रश्नच नाही. मला फक्त रस्ता दाखवा.

-----

पाव_इंच | ११ एप्रिल

मोगरी, उसवू नकोस. सगळं नीट आहे, फक्त शिवणीचं माप धरायचं राहिलंय. जोडताना प्रत्येक चौकोनाच्या दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच कापड शिवणीत जातं. सहा इंचांचा तुकडा कापलास तर दिसायला साडेपाचच उरणार. दहा साडेपाच पंचावन्न, आणि वरचा अर्धा इंच म्हणजे दोन टोकांच्या कडा, त्याही शेवटी शिवणीत जातील. सहाचा चौकोन दिसायला हवा असेल तर साडेसहाचा कापायचा. पुढच्या वेळी.

आता रेषा. मशीनच्या पट्टीवर सुईपासून बरोबर पाव इंचावर जाडसर चिकटपट्टी लाव, म्हणजे कापडाची कड तिला घासत गेली की शिवण आपोआप एकसारखी येते. सुई बरोबर कुठे पडते ते मोजपट्टीवर टेकवून बघ, दाबपट्टीच्या कडेवर विसंबू नकोस.

आणि इस्त्री! पॅचवर्कमध्ये निम्मं काम इस्त्री करते. पहिल्या ओळीतल्या सगळ्या शिवणी डावीकडे दाबायच्या, दुसरीतल्या उजवीकडे, तिसरीतल्या पुन्हा डावीकडे. दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या की उलट्या दिशेच्या शिवणी एकमेकींना अडतात. बोटाने चाचपलंस तर तो सांधा घट्ट बसलेला कळतो. तिथेच टाचणी लावायची आणि शिवायचं. इस्त्री ढकलायची नाही, उचलून ठेवायची, नाहीतर कापड तिरकं ओढलं जातं.

मी ओहायोत राहते, इथल्या ग्रंथालयात दर गुरुवारी बायका गोधड्या घेऊन बसतात, तिथे शिकले. माझी पहिली गोधडीही तुझ्यासारखीच आखडली होती.

-----

आज्जी_कोल्हापूर | १२ एप्रिल

बाळ मोगरी, तुझं वाचून फार बरं वाटलं. मी ७६ वर्षांची. नातीने इथे खातं काढून दिलंय, टाइप मी माझं मीच करते.

आमच्याकडे हिला वाकळ म्हणतात. मोजपट्टी आम्ही कधी धरली नाही. नऊवारी लुगडं जमिनीवर अंथरायचं, दोन्ही बाजूंनी दुमडून माणसाच्या उंचीएवढं करायचं, चार कोपऱ्यांवर चार दगड नाहीतर पाटा-वरवंटा ठेवायचा. मधे धोतरं, फाटकी लुगडी, जी असतील ती एकावर एक. सुरकुती राहता कामा नये, तळहाताने मधून कडेकडे सारत न्यायची. वर पुन्हा चांगलं लुगडं. आधी वीत-वीत अंतरावर मोठमोठे कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना बांधून घ्यायचे, मग कडेपासून धावदोरा धरायचा आणि फिरत फिरत आत यायचं. दोन टाक्यांच्या ओळींत एक बोट अंतर. चैत्र-वैशाखात, शेतात काम नसतं तेव्हा, वाड्यातल्या चार-पाच जणी चार बाजूंनी बसायच्या.

तुझी गोधडी आखूड पडली म्हणतेस. मग कडेने काठ लाव की! आईच्या साडीला काठ असेलच. काठ फाटत नाही, अंग विरतं पण काठ तसाच राहतो. वाकळेची कड सगळ्यात आधी झिजते, तिथे काठच पाहिजे.

आणि एक ध्यानात ठेव. नवं कापड धुतल्याशिवाय लावायचं नाही. जुनं आटून बसलेलं असतं, नवं पहिल्या धुण्याला आटतं आणि शेजारच्या तुकड्याला चुण्या पाडतं.

-----

मोगरी | १२ एप्रिल

आजी, पाव_इंच, दोघींनाही नमस्कार! काठाचं वाचलं आणि उठून साडीच काढली. आईची इरकल आहे, अंग पार जाळीदार झालंय, पण गोमीचा काठ अजून नवा वाटतो. हिशेब केला: चौकोनांचं अंग तयार होईल ५५ बाय साडेब्याऐंशी. बाजूंना अडीच-अडीच इंच आणि उशाला-पायथ्याला पावणेचार-पावणेचार इंच काठ दिसू दिला की बरोबर ६० बाय ९०! चूक झाली नसती तर हा काठ लावायचं मला सुचलंच नसतं.

-----

निशिगंध | १४ एप्रिल

धागा वाचतेय आणि पोटात तुटतंय. आई गेल्यावर तिच्या सहा सुती साड्या एका ठिकाणी गोधडी करायला दिल्या होत्या. घरी आली ती गोधडी दिसायला छान, पण अंगावर घेतली की घाम. कड उसवून बघितलं तर आत पॉलिस्टरचा जाड थर. आणि काठ दिसायला बरे नाहीत म्हणून कापून टाकले होते. मी विचारलं तर म्हणाले, कापलेलं आम्ही ठेवत नाही. ते काठ आता परत येणार नाहीत. ज्यांना बाहेर द्यायचंय त्यांनी आत काय घालणार आणि उरलेलं परत देणार का, हे आधी विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं.

-----

एसटीवाला | १४ एप्रिल

निशिगंध ताई, वाईट वाटलं. वरचा साड्यांचा थर शाबूत असेल तर ती कड पूर्ण उसवून आतलं पॉलिस्टर काढता येतं. मधले टाके कापावे लागतील, वेळ लागेल, पण तुमच्या आईंच्या साड्या हातात राहतील. आत दोन जुनी सुती धोतरं किंवा चादरी घाला. मी केलंय, मेव्हणीच्या दुलईला.

मी निवृत्त कंडक्टर. वस्तीच्या गाडीला कितीतरी रात्री काढल्या. शेवटच्या गावाला गाडी लावायची, जेवायचं आणि सीटवर आईची वाकळ पसरून आडवं व्हायचं. सह्याद्रीच्या कडेला हिवाळ्यात पत्र्याच्या गाडीत काय थंडी असते, ते वस्तीला राहिलेल्यालाच ठाऊक. आई गेल्यावर ती वाकळ विरत चालली. दुरुस्त करायला कुणी मिळेना, म्हणून ६१व्या वर्षी मीच सुई धरली.

पुरुषमंडळींना आणि नवशिक्यांना काही गोष्टी सांगतो. मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी, घाला, नाहीतर चौथ्या दिवशी बोट सुजतं. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंतून गाठी पडतात. दोऱ्यावरून मेणाचा तुकडा फिरवला की तो सरळ राहतो. गोधडीची सुई लांब घ्या, म्हणजे एका दमात चार-पाच टाके सुईवर भरता येतात. सुई स्थिर ठेवून कापडच वरखाली हलवायचं. आई तसंच करायची, लहानपणी बघितलेलं हात विसरला नव्हता.

-----

रानपाखरू | १६ एप्रिल

मी धारवाडला असते, माहेर बेळगाव. इकडे हिला कौदी म्हणतात.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी समाज आहे. आफ्रिकेतून आणल्या गेलेल्या लोकांचे हे वंशज. घरात कोकणीच्या वळणाची बोली, बऱ्याच जणांना मराठी आणि कन्नडही येतं. त्यांच्या बायका करतात ती कवंदी मी जवळून बघितलीय. त्या आधी चौकोन जोडून मग थर लावत नाहीत. खाली अख्खी साडी, आणि एका कोपऱ्यापासून एकेक तुकडा ठेवत, त्याची कड आत दुमडत, तिथल्या तिथे थरांसकट धावदोऱ्याने शिवत जातात. कडेकडेने फिरत फिरत मध्यावर येतात. म्हणजे जोडणं आणि शिवणं एकदमच. तुकडे लहान-मोठे, लांबट, कसेही. चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाचे त्रिकोण लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानतच नाहीत. मी एका आजींना म्हटलं, कोपऱ्याला हे नसलं तर? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी कुंकवाशिवाय नवरी विचारलीय.

मोगरी, तुझ्या गोधडीला चार फुला लावच.

-----

पाव_इंच | १७ एप्रिल

रानपाखरू, किती सुंदर लिहिलंस! हे वाचताना मला अलाबामातलं जीझ बेंड आठवत होतं. अलाबामा नदीच्या वळणावरची छोटी वस्ती, गुलामगिरीत कापसाच्या मळ्यांवर राबलेल्यांचे वंशज. तिथल्या बायका शेतात घालून विटलेल्या विजारी, सदरे, पिठाच्या पिशव्या यांच्या गोधड्या शिवत आल्या, घरातली थंडी भागवायला. २००२मध्ये त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर लागल्या, २००६मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. मी त्यातल्या काही समोर उभी राहून बघितल्यात. एका विजारीच्या गुडघ्याचा भाग होता. खिसा उसवून काढलेल्या जागी निळा रंग गर्द राहिलेला, भोवती सगळं फिकट. तिथून मला हलवेना.

-----

मोगरी | ९ मे

सगळे चौकोन जोडून झाले! दीडशे! पट्टी आणि इस्त्रीची युक्ती लावल्यापासून सांधे असे जुळायला लागले की मी एकेक ओळ उलटून नुसती बघत बसायचे. पहिल्या चार ओळींतले वाकडे सांधे मात्र तसेच ठेवलेत.

रंग सुटतो का ते बघायला प्रत्येक गडद कापड ओलं करून त्यावर पांढरा रुमाल ठेवून गरम इस्त्री दाबली. एक मरून कुर्ता लगेच पकडला गेला, तो बाजूला काढला. मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात ठेवला तर रंग पक्का होईल का?

-----

पाव_इंच | ९ मे

नाही होत. रंगवताना मिठाचा उपयोग असतो, एकदा रंगवून झालेल्या कापडाचा सुटा रंग मिठाने धरत नाही. सुटा रंग गरम पाण्यात धुऊन धुऊनच जातो. पाणी स्वच्छ येईस्तोवर धू, आणि तरी येतच राहिला तर ते कापड गोधडीत नको.

-----

मोगरी | २३ मे

थर लावले. खाली आईची दुसरी साडी, मधे बाबांचं एक धोतर आणि एक जुनी सुती चादर. हॉलमधलं सगळं सामान बाल्कनीत गेलं, फरशीवर चिकटपट्टीने साडी ताणून बसवली. आजींनी सांगितल्याप्रमाणे तळहाताने सुरकुत्या काढताना मी पहिल्यांदाच आईची साडी इतका वेळ हातांखाली घेतली. सासूबाई पलीकडच्या कडेला बसल्या. कच्चे टाके निम्मे त्यांनी घातले. त्यांना खाली बसवत नाही, म्हणून पाट, त्यावर उशी.

मग एक हिशेब मांडला. ६० बाय ९० म्हणजे ५४०० चौरस इंच. दोन ओळींत एक बोट, पाऊण इंच धरलं, तर एकूण धावदोरा ७२०० इंच, म्हणजे जवळपास १८३ मीटर. इंचाला तीन टाके म्हटले तर २१,६०० टाके. हे कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय. रोज रात्री नऊ ते साडेदहा बसते.

-----

आज्जी_कोल्हापूर | २३ मे

बाळ, टाके मोजू नकोस. मोजलं की हात थकतो. आम्ही गाणी म्हणायचो, नाहीतर माहेरचं बोलायचो. एक ओळ संपेस्तोवर एक गोष्ट पुरायची. तुझ्या सासूबाईंना बोलतं कर.

-----

मोगरी | १४ जून

आजी, कागद काढून टाकला.

सासूबाई बोलायला लागल्या. त्यांचं हे मशीन त्यांनी लग्नानंतर पहिल्या तीन वर्षांत शेजारपाजारच्यांचे परकर आणि पोलकी शिवून साठवलेल्या पैशांतून घेतलं होतं. मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं! मला वाटायचं ते रुखवतात आलं असेल.

गेल्या आठवड्यात आणखी एक झालं, ते सविस्तर सांगायचंय.

आईला कराडला हा सगळा प्रकार फोनवर सांगत होते, तर तिने आजीची जुनी वाकळ कुरियरने पाठवून दिली. माझ्या आजीने केलेली, निदान पन्नास वर्षांची. वरचं कापड मातकट झालंय, रंग काय होता ते कळत नाही. एक कोपरा पार फाटलाय. त्या फटीतून मी बोट घालून थर उघडला. आत हिरवं लुगडं आहे. गर्द, आंब्याच्या पानासारखं हिरवं, काल दुकानातून आणल्यासारखं! ऊन लागलंच नाही ना त्याला कधी. त्याच्याही खाली आणखी एक थर, बारीक फुलांचं छिट. टॉर्च मारून बघितलं तर त्याला एक काज दिसलं. हाताने केलेलं, दोऱ्याची कड अजून धरून असलेलं काज. कुणातरी लहान मुलाचं झबलं असणार. आईला फोटो पाठवला, ती म्हणाली माझं असेल किंवा तुझ्या मामाचं.

मग मी टाके बघायला लागले. वाकळ उजेडात धरली की दिसतं: तीन बाजूंचे टाके बारीक आणि सरळ. चौथ्या बाजूने मात्र टाके थोडे लांब, आणि सगळे उलट्या दिशेला कललेले. मला वाटलं घाईत केलं असेल. आई म्हणाली, “ती बाजू तुझ्या माईआजीची, आजीच्या धाकट्या बहिणीची. ती डावरी होती.” माईआजीला मी कधी बघितलंही नाही. माझ्या जन्माआधी ती गेली. तिचा एक फोटोसुद्धा घरात नाही. आणि तिचा हात माझ्या मांडीवर होता.

आता सांगा, ही वाकळ उसवून आतलं हिरवं लुगडं वर आणू की तशीच दुरुस्त करू?

-----

आज्जी_कोल्हापूर | १४ जून

उसवू नकोस ग. अजिबात उसवू नकोस.

वाकळ विरली की आम्ही तिच्यावर नवं लुगडं घालून पुन्हा टाके घालायचो. म्हणून तर आत इतके थर असतात. तुझ्या आजीने आधीची वाकळ आत ठेवूनच ही केली असेल. ते छिटाचं झबलं आधीच्या वाकळेतलं असणार. तूही तेच कर. जे आहे ते आत राहू दे, वरून तुझं घाल. माईची बाजू कुठली ते आईला विचारून खूण करून ठेव, आणि त्या बाजूला टाके जरा विरळ घाल, खालचे दिसतील असे.

मी आज माझी वाकळ काढून बघितली. माझ्या जावेची बाजू ओळखू आली.

-----

एसटीवाला | १५ जून

मोगरी ताई, तुमचं वाचून आईची वाकळ मीही उजेडात धरली. मी दुरुस्त केलेला भाग कुठला आणि तिचा कुठला, लांबून कळतं. माझे टाके दर वीतभराने थोडे वर चढलेत. तिचे एका रेषेत. पुष्कळ वेळ घेऊन बसलो होतो.

-----

निशिगंध | २ जुलै

एसटीवाला काका, तुम्ही सांगितलंत तसं केलं. आतलं पॉलिस्टर सगळं काढलं. दहा दिवस लागले, बहिणीने मदत केली. आत बाबांची दोन जुनी धोतरं घातली. हाताने शिवतेय, एक बाजू झाली. काठ नाहीत, पण आईच्या एका साडीचा पदर कपाटात वेगळा राहिला होता, त्याच्या पट्ट्या कापून कड केली. आई रोज नेसायची त्या साडीचा पदर. तुमचे उपकार.

-----

मोगरी | ३० ऑगस्ट

झाली! काल रात्री शेवटचा टाका घातला. मध्यावर येताना कापडाचा फुगा यायला लागला होता, तिथे टाके जवळजवळ घेत तो जिरवला. काठ लावला, चारही कोपऱ्यांना फुला लावल्या. त्यासाठी आईने लाल खणाचा तुकडा पाठवला होता. उशाकडच्या शेवटच्या तीन ओळी सासूबाईंच्या, आणि एका कोपऱ्यात लेकीचे अकरा टाके आहेत. मोठमोठे, नागमोडी. कुणीही सांगितलं तरी ते उसवणार नाही.

आईकडे घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर धुवायला जायची. तेव्हाच हीही धुईन. डोंबिवलीत अजून पाऊस आहे, ओली गोधडी इथे चार दिवस वाळायची नाही.

-----

मोगरी | तीन आठवड्यांनंतर

तातडीने मदत हवीय! आज ऊन पडलं म्हणून गोधडी भिजवली. खणाचा तुकडा मागाहून आला, त्यामुळे तो तपासायचाच राहून गेला. लाल रंग सुटलाय. शेजारच्या पांढऱ्या चौकोनावर, लेकीच्या बारशाच्या फ्रॉकचा तो, गुलाबी डाग आलाय. पिळू का? वाळत घालू का?

-----

पाव_इंच | त्याच दिवशी

वाळू देऊ नकोस! वाळला किंवा इस्त्री फिरली की डाग बसतो. परत पाण्यात घाल. भरपूर पाणी, हाताला सोसेल इतकं गरम, साबण नेहमीपेक्षा जरा जास्त. गोधडी पसरून बुडलेली राहिली पाहिजे, घडी नको. दोन-तीन तास ठेव, पाणी ओतून दे, पुन्हा नवीन पाणी. पाणी लाल येतंय तोवर हेच करत राहा. घाबरू नकोस, ओला आहे तोवर रंग निघतो.

-----

मोगरी | चार दिवसांनंतर

चार वेळा पाणी बदललं. चौथं पाणी स्वच्छ. डाग जवळजवळ गेला. एका कोपऱ्यात पाकळीएवढा गुलाबीपणा राहिलाय, तो राहू दे.

ओली गोधडी किती जड होते! पाण्यातून काढताना मी, सासूबाई आणि शेजारच्या काकू, तिघी लागलो. गच्चीवर दोन दोऱ्यांवर आडवी टाकली, एका दोरीला तिचा भार पेलेना. खालून ठिबकत होतं, आणि उन्हात धरल्यावर पाठीमागून सगळे टाके दिसत होते. माझे, सासूबाईंचे, अकरा नागमोडी.

काल रात्री लेक ती घेऊन झोपली. पंखा चालू, पाय बाहेर.

आज हॉलमधलं सामान पुन्हा बाल्कनीत गेलंय. आजीची वाकळ मधे पसरलीय, कोपऱ्यांवर वरवंटा आणि तीन जाड पुस्तकं. वरून घालायला सासूबाईंनी त्यांची एक नऊवारी काढून दिली, जांभळी, बारीक चौकड्यांची. मी विचारलं, नक्की का? त्या म्हणाल्या, दोऱ्याचं रीळ दे इकडे. माईआजीची बाजू खिडकीकडे आहे, तिथे खडूने खूण केलीय. आजी, विरळ म्हणजे नेमकं किती? दोन बोटं पुरतील का?

-----

आज्जी_कोल्हापूर | त्याच दिवशी

दोन बोटं पुरतील. आणि दोरा पांढरा घे, म्हणजे तिच्या दोऱ्यापासून वेगळा ओळखू येईल.